वरच्या मजल्याची घंटा वाजवलीत का?

पत्राचा सारांश: या वाचक सात वर्षांपासून नेदरलँड्समधल्या हेग शहरात राहतात. स्वतः ३७ वर्षांच्या, नवरा ३४ चा, दोघंही नोकरीला. आठ वर्षांची मुलगी डच शाळेत जाते. आतापर्यंत तीन घरांवर बोली लावली, तिन्ही वेळा घर दुसऱ्याला गेलं. आता राहत्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, रेजेंटेसेक्वार्टीर भागात, शंभरेक वर्षं जुन्या इमारतीतलं तळमजल्याचं घर विक्रीला आलंय. ७८ चौरस मीटर, मागे छोटी बाग, वर इतरांची दोन घरं, मागणी ४ लाख २५ हजार युरो. नवऱ्याला त्याऐवजी जवळच्या झूटरमेर शहरात रो-हाउस हवंय. नाशिकचे सासरे प्लॉट विकून मदत करायला तयार आहेत, पण ‘भिंतीला भिंत लागलेल्या, त्या गर्दीतल्या घरासाठी नाही’. सासूबाईंना दक्षिणेकडचं दार खटकतंय. नोव्हेंबरमध्ये नवरा ३५ चा झाला की एक करसवलत जाणार. शिल्लक ४० हजार युरो. ‘या वेळी एकही अट न घालता ४ लाख ५० हजारांची बोली लावू का? की घर घेतलं म्हणजे इथेच कायमचं अडकलो, म्हणून थांबू?’ असं त्या विचारतात.

नमस्कार,

बोलीची मुदत जवळ होती म्हणून चार ओळींचं उत्तर तुम्हाला आधीच पाठवलं होतं. इथे सविस्तर लिहितेय, कारण डेल्फ्ट, आइंडहोवन आणि आम्सटरडॅममधूनही याच आशयाची पत्रं आली आहेत.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. स्वयंपाकघराबद्दल तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत, आणि मला ते आवडले. बागेकडे उघडणारं दार, ओट्यावर येणारा उजेड, तिथे कढीपत्त्याची कुंडी ठेवायचा बेत. मग शेवटी, जाता जाता, अर्धी ओळ: ‘जाहिरातीत व्हीव्हीई सक्रिय नाही असं लिहिलंय, पण माकेलार (घरांचा दलाल) म्हणाला की इथे तसंच असतं.’ माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

व्हीव्हीई म्हणजे घरमालकांचा संघ. आपल्या सोसायटीसारखाच, फक्त तुमच्या बाबतीत ती तीन घरांची सोसायटी. इमारतीचं छप्पर, दर्शनी भिंत, पाया, सांडपाण्याचे नळ हे सगळं तिघांचं मिळून. तुम्ही ७८ चौरस मीटर विकत घेताय असं तुम्हाला वाटतंय. कागदोपत्री तुम्ही एका इमारतीतला हिस्सा घेताय, आणि त्याबरोबर तळमजला वापरायचा हक्क. तुमच्यावर दोन मजले सोडून जे छप्पर आहे, ते गळलं तर त्याचा खर्च तुमच्याही वाट्याला येऊ शकतो. किती, ते इमारतीच्या विभागणीच्या दस्तात लिहिलेलं असतं. हा दस्त कडास्टर या भूमी-अभिलेख कार्यालयात नोंदलेला असतो आणि माकेलारकडे मागितला की मिळतो. बोली लावण्याआधी तो मागून घ्या. डच येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण वाचा.

संघ ‘सक्रिय नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की दरमहा वर्गणी कुणी काढत नाही, बैठक होत नाही, खात्यात पैसे नाहीत. २०१८ पासून कायद्याने अशा संघांना दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे बाजूला काढणं बंधनकारक आहे: एक तर दीर्घ मुदतीच्या देखभाल आराखड्यानुसार, नाही तर इमारत नव्याने बांधायला लागणाऱ्या खर्चाच्या किमान ०.५ टक्का. ‘इथे तसंच असतं’ हे माकेलारचं म्हणणं खोटं नाही. हेगच्या जुन्या भागांत असे झोपलेले संघ पुष्कळ आहेत. पण तो विकणाऱ्याचा माकेलार आहे. त्याने तुमची काळजी करावी ही अपेक्षाच चुकीची. आणखी एक: आधीच्या मालकाने चालू आणि त्याआधीच्या वर्षाची वर्गणी थकवली असेल, तर तीही नव्या मालकाकडून वसूल करता येते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. वीस वर्षांपूर्वी आम्ही रॉटरडॅममध्ये अशाच तीन घरांच्या इमारतीत सर्वांत वरचं घर घेतलं. संघ कागदावर होता. पहिल्याच नोव्हेंबरात मुलाच्या खोलीत छत ठिबकू लागलं. मधल्या मजल्याचा मालक परदेशात, तळमजल्याच्या आजी म्हणाल्या, पाणी माझ्याकडे येत नाही. दोन हिवाळे बादल्या ठेवल्या. शेवटी प्रश्न सुटला तो वकिलाने नाही. आजींना भाजी आणून देता देता बोलणं वाढलं आणि एक दिवस त्या आपणहून सही करायला तयार झाल्या. तेव्हापासून घर बघायला निघालेल्या प्रत्येकाला मी विचारते: वरच्या मजल्याची घंटा वाजवलीत का?

तुम्ही वाजवलेली नाही. पत्रात वरच्या लोकांबद्दल एक शब्द नाही. घर बघायला माकेलारने वीस मिनिटं दिली, तीही ओटा आणि बाग बघण्यात गेली, हे मी समजू शकते. पण त्या गल्लीत तुम्हाला मज्जाव नाही. एखाद्या संध्याकाळी सातच्या सुमाराला जा. हेगची ती खास बांधणी तुमच्या रोजच्या बघण्यात असेल: रस्त्यावरून उघडा दगडी जिना वर जातो आणि वरच्या ओसरीत एकाशेजारी एक दारं असतात. त्या जिन्याने वर जा आणि घंटा वाजवा. सांगा, खालचं घर घ्यायचा विचार आहे. विचारा: छप्पर शेवटचं कधी केलं? संघ सुरू करायची तयारी आहे का? घरात मालक राहतात की भाडेकरू? जमिनी लाकडी असतील तर त्यावर गालिचा आहे की लाकडी फळ्या? या शेवटच्या प्रश्नाने ओशाळू नका. जुन्या इमारतींमध्ये वरच्याच्या टाचांचा आवाज खालच्याच्या संसारात उतरतो, आणि तो घर बघायच्या शनिवारी सकाळी कधीच ऐकू येत नाही.

वरचे दोघं संघ उभा करायला राजी असतील, तर हे घर तुम्ही आज समजता त्यापेक्षा चांगलं आहे. पालिकेचीही अशा छोट्या संघांना मदत मिळते. दोघंही दार लावून घेणारे निघाले, तर ओट्यावरचा उजेड विसरा.

आता जमिनीखालचं. हेगमध्ये जुनी समजूत आहे, की वाळूवरचे ते ‘हागेनार’ आणि दलदलीवरचे ते ‘हागेनेस’. समुद्राकडच्या बाजूला जुन्या वाळूच्या टेकड्या, तिथे श्रीमंतांनी घरं बांधली. आतल्या बाजूला पीट, म्हणजे कुजक्या वनस्पतींची भुसभुशीत ओली जमीन, तिथे कामगारवस्त्या झाल्या. लान व्हान मेर्डरफोर्ट हा लांबलचक रस्ता ढोबळमानाने त्यांच्यामधली रेघ मानला जातो, आणि रेजेंटेसेक्वार्टीर त्या रेघेला लागूनच आहे. म्हणजे तुमची गल्ली नेमकी कशावर उभी आहे हे विचारावंच लागेल. वाळूवरची जुनी घरं बहुधा खांब न ठोकता थेट उभी केलेली असतात. मऊ जमिनीत लाकडी खांब ठोकून त्यावर घर उभं करत. असे खांब पाण्याखाली असेपर्यंत शतकभरही टिकतात. भूजल खाली गेलं, खांबांच्या डोक्यांना हवा लागली, की लाकूड कुजायला लागतं आणि घर हळूहळू बसतं. पायाच्या दुरुस्तीचा खर्च एका घरामागे लाख युरोच्या आसपासही जाऊ शकतो, घराचा विमा सहसा तो देत नाही, आणि भिंत-पाया सामायिक असेल तर शेजाऱ्यांशिवाय दुरुस्ती सुरूच करता येत नाही. पुन्हा शेजारीच!

घरासमोर उभं राहून विटांच्या सांध्यांकडे बघा. पायऱ्यांसारख्या तिरक्या चिरा वर चढल्यात का? खिडक्यांच्या चौकटी तिरक्या झाल्यात का, आतली दारं घासतात का? तुमच्या लेकीला एक गोटी द्या आणि जमिनीवर सोडायला सांगा. हे सगळं तज्ज्ञाच्या तपासणीची जागा घेत नाही, पण तज्ज्ञाला काय विचारायचं ते कळतं. सोबत शिशाच्या पाणीनळांबद्दल विचारा, १९६० च्या आधीच्या घरांत ते अजून सापडतात आणि घरात लहान मूल आहे. आणि जमीन स्वतःची की एर्फपाख्त, म्हणजे पालिकेकडून दीर्घ भाडेपट्ट्याने, हे दस्तात बघा.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. एकही अट न घालता बोली लावू का? नको. नवऱ्याच्या पस्तिशीचा जो धाक तुम्ही घेतलाय, त्याचा हिशेब आपण कागदावर करू. घर घेताना राहणाऱ्या मालकाला २ टक्के हस्तांतरण कर लागतो. वय ३५ पेक्षा कमी असेल, घर स्वतः राहायला असेल आणि किंमत मर्यादेत असेल, तर आयुष्यात एकदा तो माफ होतो. मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये ती ५ लाख २५ हजार युरो होती. पण ही माफी ज्याच्या त्याच्या हिश्श्यापुरती. तुम्ही ३७ च्या, तुमच्या अर्ध्यावर कर लागणारच. प्रश्न फक्त नवऱ्याच्या अर्ध्याचा: सव्वादोन लाखांचे २ टक्के, म्हणजे साडेचार हजार युरो. रक्कम लहान नाही, मला मान्य. पण ती वाचवण्यासाठी तुम्ही काय पणाला लावताय ते बघा. करार झाल्यावर खरेदीदाराला विचार बदलायला कायद्याने तीन दिवस मिळतात. त्यानंतर, कर्ज मिळण्याची अट करारात नसेल आणि बँकेने नाही म्हटलं, तर नेहमीच्या करारानुसार किमतीच्या १० टक्के दंड. तुमच्या बोलीवर तो ४५ हजार होतो. तुमची शिल्लक ४० आहे.

शिवाय बँक बोलीवर कर्ज देत नाही. मूल्यांकनात घराची जी किंमत ठरेल, तिच्या जास्तीत जास्त १०० टक्के देते. मूल्यांकन ४ लाख ३५ हजारांचं आलं, तर वरचे १५ हजार तुमच्या खिशातून. त्यावर कर, नोटरी, मूल्यांकन, कर्जसल्लागार आणि माझं ऐकलंत तर स्वतःचा खरेदी-माकेलार. हे सगळं माझ्या अंदाजाने आणखी १२ ते १५ हजार. जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ लिहिलेलं असतं ते यासाठीच: कोस्टन कोपर, खर्च घेणाऱ्याचा.

मधला मार्ग आहे. बांधकामाची तपासणी बोलीच्या आधीच करून घ्या. काहीशे युरो लागतात, आणि घर नाही मिळालं तर ते गेले. पण मग तपासणीची अट न घालता निश्चिंत मनाने बोली लावता येते, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं. कर्जाची अट मात्र ठेवा. ती ठेवल्याने घर हातचं गेलं, तर जाऊ द्या. तीनदा ‘हरलो’ असं तुम्ही लिहिलंय. त्या तिन्ही माकेलारांकडे बोल्यांची नोंदवही मागा. त्यांच्या संघटनांच्या सदस्यांना ती ठेवावी लागते, आणि व्यवहार पक्का झाल्यावर बोली लावणाऱ्यांना नावं वगळून ती बघता येते. कुणी पाच हजारांनी पुढे गेलं होतं की पन्नास, हे कळलं तर चौथी बोली थकव्याने लावली जाणार नाही.

सासऱ्यांच्या पैशांबद्दल थोडकंच सांगते. प्लॉट विकून पैसे इथे यायला महिने लागतात, आणि त्यांचा स्रोत बँकेला कागदांनिशी दाखवावा लागतो. या घरासाठी ते वेळेत येणारच नाहीत. तेव्हा त्यांच्या अटीवरून या महिन्यात घरात वाद नको.

पण त्यांच्या म्हणण्यातला ‘गर्दी’ हा शब्द मला सोडवत नाही. हेग ही नेदरलँड्समधली सर्वांत दाट वस्तीची पालिका आहे, हे खरंच. पण झूटरमेरच्या रो-हाउसलाही दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंतच असते! आणि तुमच्या या दाटीत काय काय आहे ते तुम्हीच लिहिलंय: शाळा चालत सहा मिनिटांवर, वायमारस्ट्राटवरची दुकानं, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी भरणारा हेगचा मोठा बाजार, जिथे भेंडी-कारली मिळतात. पलीकडच्या ट्रान्सव्हालमध्ये पॉल क्रुगरलानवर साड्या आणि सोन्याची दुकानं आहेत. ती सुरिनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या, हिंदुस्तानी मंडळींची, १८७३ पासून बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातून मजूर म्हणून तिथे नेलेल्यांच्या वारसांची. १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमाराला त्यातले हजारो लोक इथे आले आणि याच दाट गल्ल्यांत त्यांनी घरं केली. सासरे पुढच्या उन्हाळ्यात आले की त्यांना आधी तिथे फिरवून आणा.

नवऱ्याची बाजू मात्र तुम्ही पत्रात कमी लेखलीत असं मला वाटलं. तो शांतता मागतोय असं तुम्ही लिहिता. रो-हाउसचा खरा फायदा वेगळा आहे: छप्पर एकट्याचं, जमीन एकट्याची, सहसा कुठलाही संघ नाही. वरचे शेजारी ‘नाही’ म्हणाले, तर त्याचं म्हणणं बरोबर ठरेल, आणि तेव्हा ते मोकळ्या मनाने मान्य करा.

सासूबाईंच्या दाराचंही हसण्यावारी नेऊ नका. वास्तू मानायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण दार दक्षिणेला म्हणजे बाग उत्तरेला, आणि डच माणूसही घर बघताना पहिल्यांदा बागेची दिशाच विचारतो. ‘बाग दक्षिणेला’ हे जाहिरातीत मुद्दाम लिहितात. डिसेंबरच्या दुपारी इथला सूर्य क्षितिजावरून जेमतेम १५ अंश वर येतो. समोर तीन मजली इमारतींची रांग असेल तर पुढच्या खोलीतही हिवाळाभर ऊन नाही, मागच्या बागेत तर नाहीच. तुम्ही घर जूनमध्ये पाहिलंत. ओट्यावरचा तो उजेड उन्हाळ्यातल्या लांब संध्याकाळचा होता. तो डिसेंबरात किती उरतो, हे घंटा वाजवाल तेव्हा वरच्यांना विचारता येईल. मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याइतकं सोयीचं घर या भागात दुसरं मिळणं कठीण, हे त्यांच्याशी बोलताना सांगायला विसरू नका.

आणि तो शेवटचा प्रश्न, इथेच अडकण्याचा. तो तुम्ही घराच्या गळ्यात बांधलाय. सात वर्षं भाड्याने राहिल्याने तुम्ही परत जायला अधिक मोकळ्या राहिलात का? लेक इथल्या शाळेत रुळली, तिची भांडणंही आता डचमध्ये होतात असं तुम्हीच लिहिलंय. परतायचं का, हे ती माध्यमिक शाळेत जाण्याआधी, म्हणजे साधारण चार वर्षांत, तुम्हा दोघांना बोलावंच लागेल, घर असो वा नसो. घर त्या बोलण्याच्या आड येत नाही. मी घातलेली अट एवढीच: निदान पाच वर्षं राहण्याची शक्यता वाटत असेल तरच घ्या, कारण ते १२-१५ हजार दोन वर्षांत भरून निघतीलच असं नाही. ‘परत गेलो तर भाड्याने देऊ’ हे मात्र गृहीत धरू नका. कर्ज देणाऱ्या बँकेच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही. शिवाय २०२२ पासून पालिकांना असा नियम करता येतो, की ठरावीक किमतीखालचं घर घेतल्यावर पहिली चार वर्षं ते परवानगीशिवाय भाड्याने देता येणार नाही, आणि हेगने २०२२ मध्ये तो केला. तुमच्या पत्त्याला लागतो का, पालिकेला विचारा. सरकारी हमीचं कर्ज, म्हणजे एनएचजी, मिळत असेल तर घ्या. २०२५ मध्ये त्याची मर्यादा ४ लाख ५० हजार होती आणि त्यासाठी कर्जाच्या ०.४ टक्के एकदाच भरावे लागत. नोकरी गेली, घटस्फोट झाला, जोडीदार गेला आणि घर तोट्यात विकावं लागलं, तर उरलेलं कर्ज त्यातून भागू शकतं. स्वतःच्या मर्जीने देश सोडला तर ते संरक्षण नाही.

घंटा वाजवायला जाल तेव्हा लेकीला सोबत न्या. तिचं डच तुमच्यापेक्षा चांगलं आहे, आणि लहान मूल दारात उभं असलं की माणसं जरा थांबून बोलतात. नोटरीकडे मात्र तिला किंवा ओळखीच्या कुणाला दुभाषी म्हणून नेऊ नका. दस्ताची भाषा तुम्हाला कळत नसेल, तर नोटरी शपथ घेतलेला दुभाषी मागतो. हे दुभाषी ऐनवेळी मिळतीलच असं नाही, म्हणून बोली मान्य झाल्याचा फोन आला की त्याच दिवशी त्यांची वेळ घ्या.